आतून पुसलेली काच

१

दिवसा मी लोकांचे दात बनवतो आणि उरलेल्या वेळात गाड्यांच्या काचा. दोन्हीकडे नाव दुसऱ्याचं होतं आणि मान माझी धरते. खामगावात सरकी-ढेपेच्या एका गोदामामागे, वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. दातांचे डॉक्टर तिला लॅब म्हणतात. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येक जबड्यावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव. तीस वर्षं हेच बघतोय. आता कुणी भेटलं की मला आधी त्याच्या वरच्या दातांची ओळ दिसते, मग माणूस.

काचांचं असं झालं. वाकडे दात सरळ केल्यावर ते पुन्हा सरकू नयेत म्हणून डॉक्टर पारदर्शक प्लास्टिकची एक पातळ खोळ देतात. ती बनवायला माझ्याकडे लहानसं यंत्र आहे. वर तापणारी तार, खाली हवा ओढणारी जाळी. जबड्याचा साचा जाळीवर ठेवायचा, वर प्लास्टिकचा पत्रा तापवायचा, तो मऊ होऊन लोंबायला लागला की झटकन साच्यावर उतरवायचा. हवा ओढली जाते आणि पत्रा साच्याला बिलगतो. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका हौशी गृहस्थाने विचारलं, या यंत्रावर छोट्या मॉडेल गाडीची काच होईल का? झाली. त्या गाड्यांना मुळात जी काच येते ती जाड, बाटलीच्या बुडासारखी, आतलं सगळं वाकडं दाखवणारी. माझी काच पातळ आणि खरी वाटते. तेव्हापासून कुठून कुठून पार्सलं येतात. गाडी उभी करायला खालचा रस्ता, माती, झाडं असा देखावाही मी करून देतो. माझी बायको चांगुणा याला म्हातारपणची भातुकली म्हणते. म्हणू दे. दातांसाठी मला आजवर कुणी शाबासकी दिलेली नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी प्रज्वल नावाचा पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा जिना चढून आला. देऊळघाटचा. घरची भाजीची शेती, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर.

"सहदेवकाका तुमीच का? बाबाची गाडी बनवाची हाय. वर्षश्राद्धाले फोटोपाशी ठेवाले."

हल्ली ही नवी पद्धत निघाली आहे. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची जीप. माणूस गेला की हाराच्या फोटोशेजारी त्याची गाडी येते. मी वही उघडली. जुनी चौकोनी पांढरी व्हॅन, मागची सीटं काढून तिथे भाजीचे क्रेट. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. मग खिशातून जागेचे छापील फोटो काढले. रस्त्याच्या कडेचं कडुनिंबाचं झाड, वाकलेला किलोमीटरचा दगड, मागे तुरीचं शेत.

"बाबा इथंच गेला. गाडीतच. सकाळी माल घेऊन बुलढाण्याले चालला होता. छातीत दुखलं असंल, गाडी साइडले घेतली. मोबाइल घरीच चार्जिंगले राह्यला होता. दहा वाजता लोकायनं पाह्यलं. डाक्टर म्हने झोपेतच गेले."

"कधीची गोष्ट?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"मागल्या डिसेंबरात. लय धुकं होतं त्या दिवशी."

बाबांचं नाव कडूबा. मी ते वहीत लिहिलं आणि काम घेतलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

२

त्या झाडाखाली त्या सकाळी मी उभा होतो.

तेव्हा मी आठवड्यातून एकदा मोटारसायकलने बुलढाण्याला जायचो, डॉक्टरांना तयार कवळ्या पोचवायला. त्या दिवशी बुलढाण्याच्याही पुढे, देऊळघाटच्या बाजूला एका पेशंटच्या घरी लग्न होतं आणि त्यांना नऊच्या आत दात हवे होते. मागे बांधलेला डबा दोरी सैल होऊन हलायला लागला म्हणून मी त्या निंबाखाली गाडी घेतली. सव्वासात झाले असतील. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. शेजारीच एक पांढरी व्हॅन उभी होती, इंजिन बंद, सगळ्या काचा वर, आणि काचांवर आतून वाफ धरलेली. कुणी ड्रायव्हर झोपला असेल असं वाटलं.

मी दोरी आवळत होतो. तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूची काच आतून पुसली गेली. तळहाताएवढी जागा. तोंड दिसलं नाही, उजेडच नव्हता. त्या पुसलेल्या जागेत बोटं हलली, दोनदा. आपल्याकडे ये म्हणताना बोटं जशी हलतात तशीच जवळजवळ ती जा म्हणतानाही हलतात. मला वाटलं, माझ्या खुडबुडीने झोपमोड झाली, माणूस म्हणतोय निघ बाबा. मी हात वर केला. निघतो, निघतो. आणि निघालो.

नऊच्या आत दात पोचवले. पेशंट म्हणाला, वरची कवळी टोचते.

दोन दिवसांनी पेपरात चार ओळींची बातमी होती. ती वाचल्यावर मी पेपर घडी घालून रद्दीत ठेवला. तेव्हापासून मोटारसायकल जिन्याखाली फडक्यात आहे. मी बसने जातो. चांगुणाला सांगितलं, आता थंडी सोसवत नाही. कुणी मला काही विचारलं नाही आणि मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? एक माणूस एक मिनिट थांबला आणि गेला. हेच वाक्य मी वर्षभर स्वतःला ऐकवलं, आणि त्याचा मला मनापासून वीट आला.

३

मी साचा घातला तेव्हा अन्नपूर्णाबाईंचा फोन आला. प्रज्वलची आई, कडूबांची बायको.

"भाऊ, त्या गाडीत तुमी मानूस बसवता का?"

"बसवता येतो ताई. बाहुली असते तेवढी."

"नोको. अन् काचा कशा करता? वर का खाली?"

"तुमी म्हनसान तशा."

"वरच करा. त्या दिवशी होत्या तशा. साऱ्या बंद." मागे कुठेतरी मोटारीचं पाणी पाटात पडत होतं. "मले सारे सांगतात, झोपेत गेला म्हनून. मी पाह्यलं नं भाऊ. व्हट वाळून फाटले होते त्याचे. झोपेत गेलेल्याचे व्हट असे राह्यतात का? शेवटाले घोटभर पानी नाई गेलं त्याच्या तोंडात. मानूस मरते, त्याचं काई नाई. पन पानी पाजाले कोनी नव्हतं, हे मले गिळत नाई."

मी हाव, हाव म्हणत राहिलो. ती म्हणाली, प्रज्वलजवळ त्या जागेची माती पाठवली आहे, देखाव्याला तीच वापरा.

सहा काचा मी दोन दिवसांत ओढल्या. कातरून, घासून, आतून बसवल्या. गाडी खालून बंद केली. संध्याकाळी ती टेबलावर ठेवली तेव्हा चांगली दिसत होती.

सकाळी साडेसातला कुलूप उघडलं तर काचा पांढऱ्या झालेल्या.

या धंद्यात नवशिका एक चूक हमखास करतो. पटकन चिकटणारा गोंद वापरतो. त्या गोंदाचा वास बंद जागेत कोंडतो आणि पारदर्शक प्लास्टिकवर पांढरं सावट धरतं, कायमचं. सहा वर्षांपूर्वी मीही दोन गाड्या अशा घालवल्यात. म्हणून काचेला मी लाकडाचा पांढरा गोंद लावतो, दुसरा लावतच नाही. पण माणूस थकला की हात भलतीकडे जातो. मी स्वतःला चार शिव्या घातल्या, गाडी पुन्हा उघडली आणि आतून काचेवर बोट फिरवलं.

गोंदाचं सावट पुसलं जात नाही. हे पुसलं गेलं. बोट ओलं झालं.

४

मग म्हटलं, प्लास्टर. माझ्या खोलीत सतत ओलं प्लास्टर असतं, त्याची ओल गाडीत शिरली असणार. मी नव्या काचा ओढल्या. गाडीचा सांगाडा जबडे वाळवायच्या पेटीत रात्रभर ठेवला. औषधांच्या डब्यात ओल शोषायच्या पुड्या येतात, त्यातल्या दोन मागच्या क्रेटखाली दडवल्या. पांढरा गोंद नवा आणला, बाटली चांगुणाला दाखवली. ती म्हणाली, मले काय दाखवता, मी काय सासरा हाय तुमचा.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम सहाला येऊन बसलो. काचा स्वच्छ होत्या. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती. एका गाडीवरचा रेडिओ भजन लावून होता. सातच्या सुमाराला पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात धूसर डाग आला. तो वाढला. थांबला, पुन्हा वाढला. मी बघत होतो म्हणून नीट सांगतो, तो एकसारखा वाढत नव्हता. थोडा वाढायचा, थांबायचा, थोडा वाढायचा. मी माझा श्वास मोजला. माझ्याहून हे बरंच भराभर चाललं होतं.

सव्वासातला बारीक आवाज आला. टिक. प्लास्टिक थंड होताना असा आवाज करतं, हे मला माहीत आहे. पण ते कालच थंड झालं होतं. टिक, टिक. मग ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर मसुराच्या डाळीएवढी जागा स्वच्छ झाली.

मी उठलो आणि खिडकी उघडली. गोदामातल्या ढेपेचा वास आत आला. नऊपर्यंत मी दात घासले, लोकांचे. एकदाही मागे वळलो नाही. साडेनऊला चांगुणा डबा घेऊन आली.

"अहो, ही गाडी घामेजली काऊन?"

"गोंद आहे," मी म्हणालो.

ती वाकली. तिला जवळचं दिसत नाही, म्हणून माझं भिंग तिने डोळ्याला लावलं. "अन् इथं तेवढंच पुसलं कोनं? हे तं आतून पुसलं हाय."

"माझंच बोट लागलं असेल."

"आतून? बंद गाडीत?" तिने भिंग खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघून डबा पुढे सरकवला. तीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं. जाताना फक्त म्हणाली, "जेवून घ्या, तोंड पाहा कसं झालं."

दहा वाजेपर्यंत वाफ विरळ होत गेली. थोडी यायची, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा थोडी. दहाला काचा कोरड्या झाल्या. पुढे दिवसभर गाडी खेळण्यासारखी गप्प उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा तेच.

मी बारा दिवस हे पाहिलं. माणूस कशालाही सरावतो म्हणतात, मी सरावलो नाही, नुसता दमलो.

५

देखावा मी दुपारी करायचो, कारण दुपारी गाडी गप्प असायची. निंबाचं झाड पऱ्हाटीच्या फांदीचं केलं. वाळलेल्या कपाशीला बारीक फाटे फार छान असतात. रस्ता, दगड, तूर. अन्नपूर्णाबाईंची माती चाळून घेतली, पातळ गोंदात कालवली आणि रस्त्याच्या कडेला पसरली. प्रज्वलचे फोटो समोर टाचून ठेवले होते, पण ते पाहावे लागले नाहीत. हात आपोआप चालत होते. एक दुपार तर मला आठवतच नाही. पाचला भानावर आलो तेव्हा कडेची सगळी माती बसवून झाली होती आणि चिमटा अजून हातात होता.

एक पळवाटही मी तयार केली होती, लपवत नाही. माझ्याकडे गडद तपकिरी पत्रा होता. त्याच्या सहा काचा ओढल्या. त्या बसवल्या असत्या तर आत वाफ धरो की पूर येवो, बाहेरून काही दिसलं नसतं. पोराला सांगितलं असतं, ताईंना म्हणा अशाच काचा शोभतात. जुन्या काचा काढायला पातं हातात घेतलं, आणि ठेवून दिलं. याला प्रामाणिकपणा म्हणू नका. त्या बाईने सांगितलं होतं, त्या दिवशी होत्या तशा. तिला पुन्हा एकदा फसवायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

वर्षश्राद्धाच्या दिवशी प्रज्वल गाडी न्यायला येणार होता. मी म्हणालो, मीच आणतो, हिंदकळेल. खरं म्हणजे ती गाडी सकाळी सात ते दहा दुसऱ्या कुणाच्या मांडीवर असावी हे मला नको होतं.

पहिल्या बसला खोकं मांडीवर घेऊन बसलो. वरून पारदर्शक झाकण होतं, त्यावर मी टॉवेल टाकला. शेजारी एक म्हातारे बसले होते, भाऊराव नाव, लगेच सांगितलं त्यांनी. खोक्यात काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, खेळणं. सातनंतर टॉवेलखाली टिक टिक सुरू झालं.

"घड्याळ हाय वाट्टे," भाऊराव म्हणाले.

"हाव," मी म्हणालो.

तो निंब आला तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. टिक टिक जोरात झालं, निंब मागे पडल्यावर हळू झालं. खड्ड्यांमुळेही झालं असेल.

६

अन्नपूर्णाबाईंचं घर रस्त्यापासून आत, मळ्याला लागून. ओसरीवर पाटावर कडूबांचा फोटो, जाड मिशा, वरचा एक दात पुढे. पाहुणे अकरानंतर येणार होते आणि प्रज्वल केळीची पानं आणायला गेला होता. घरात ती एकटीच होती. पन्नाशीची, काटक, हाताला मातीच्या भेगा. मी खोकं फोटोसमोर ठेवलं, टॉवेल काढला, झाकण काढलं. सव्वानऊ वाजले होते. काचा आतून पांढऱ्या होत्या.

मला वाटलं होतं, ती आधी काचा बघेल. ती आधी माती बघायला लागली. भाजीच्या पानाखालची मावा कीड हुडकणारे डोळे ते. देखाव्यावर वाकली, कडेची माती इकडून तिकडे न्याहाळली आणि एका जागी थांबली.

"हे काय हाय भाऊ?"

तिच्या नखापाशी, व्हॅनच्या ड्रायव्हरच्या दरवाजासमोर, मातीत एक बारीक खळगा होता. शेजारी चाकाचा अर्धा माग. मी ते केलं होतं. चिमट्याच्या टोकाने, माती ओली असताना. केव्हा केलं ते मला आठवत नव्हतं.

"गाडीच्या स्टँडचा खड्डा हाय हा," ती म्हणाली. "मोटारसायकलच्या. दवानं माती फुगते नं, स्टँड असं रुतते." तिचा आवाज अगदी साधा होता. "त्या दिवशी मी पयत पयत गेली, तवा लोकं जास्त नव्हते. मी पाह्यला हा खड्डा. त्याच्या दरवाजापासून दोन हातावर. मंग पोलीस आले, गाव आलं, सारं तुडवून टाकलं. प्रज्वलले सांगतलं तं तो म्हने, कोनी लघवीले थांबलं असंल. वर्षभर मी दूध डेअरीवर इचारून राह्यली, त्या सकाळी इकडून कोन गेलं. कोनी सांगे ना."

ती माझ्याकडे वळली.

"फोटोत हा खड्डा नव्हता भाऊ."

इतकी वर्षं मी बारकावे करतो. कुणीतरी एकदा तरी ते नीट बघावेत अशी माझी फार इच्छा होती.

"मी होतो," मी म्हणालो. "डबा बांधाले थांबलो. एक मिनिट. त्यायनं काच पुसली अन् बोटं हालवली. मले वाटलं, जा म्हनतात. मी गेलो. ताई, मले खरंच तसं वाटलं."

ती खाली बसली. रडेल, शिव्या देईल, प्रज्वलला हाक मारेल, मी सगळ्याची तयारी ठेवली होती. आणि खरं सांगतो, तिने मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"म्हंजे तो जागा होता," ती म्हणाली.

"हाव."

"सव्वासाताले जागा होता."

"हाव."

टिक. दोघांनीही ऐकलं. तिने मान वळवली. काचेवर मसुराएवढी जागा स्वच्छ झाली होती, आणि त्या जागेत काहीतरी हललं. दोनदा. भिंग माझ्या खिशात होतं, मी ते काढलं नाही. अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मग उठली, आत गेली. तांब्याभर पाणी आणि तुळशीचं पान घेऊन आली.

"त्याच्याजवळ शेवटी तुमी होते," ती म्हणाली. "पानी तुमच्याच हातचं होतं. पाजा आता."

"ताई, काच बंद हाय. चिकटवलेली हाय."

"मंग उघडा. तुमचंच काम हाय ते."

अवजारांची पिशवी मी सगळीकडे नेतो. पातं काढलं. गाडी डाव्या हातात धरली तर तिचा टप उबदार लागला. ड्रायव्हरच्या काचेची वरची कड मी कापायला घेतली. पातं आत शिरलं, काच एक केसभर सुटली, आणि त्या फटीतून माझ्या अंगठ्यावर हवा आली. गरम, ओलसर. सांभाराचा वास होता तिला, ताज्या, पाणी मारलेल्या. थांबली. पुन्हा आली.

मी काच अर्धी खाली वाकवली. आत अंधार होता. माझी काच असताना आतलं सगळं स्वच्छ दिसायला हवं, सीट, स्टिअरिंग, मीच रंगवलेलं. काही दिसत नव्हतं. तुळशीच्या पानाच्या टोकावर पाण्याचा थेंब घेतला आणि फटीच्या काठावर ठेवला. थेंब तिथे थरथरत राहिला. मग दोनदा आत ओढला गेल्यासारखा झाला आणि संपला. सीटवर सांडला नाही, खाली ओघळला नाही. मी गाडी तिरकी करून बघितलं.

"घेतलं का?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"घेतलं."

तिने डोळे मिटले. एका वर्षाचं ओझं बाईच्या अंगावरून उतरताना मी पाहिलं आणि मला हुंदका आला, लाज न वाटता आला. "आता जाईल तो," ती म्हणाली. "त्या दिवशी दहा वाजता आटपलं म्हने सारं. बसा तवरिक. उठू नोका."

मी बसलो. अंगठा फटीपाशी ठेवून बसलो, म्हणजे थांबेल तेव्हा कळेल. दहाला दहा मिनिटं. पाच. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले. हवा येत होती. मी मनात म्हटलं, घड्याळ पुढे असेल. सव्वादहा वाजले. विरळही होत नव्हती. उलट आता संथ झाली होती, नियमित, पोटभर पाणी प्यायलेला माणूस घेतो तशी.

प्रज्वल आला, पाहुणे आले, पंगत उठली. मी सगळ्यांना सांगितलं, काच ढिली झालीय, गोंद वाळेपर्यंत धरून बसावं लागेल. अन्नपूर्णाबाईंनी मला कोपऱ्यात पाट दिला आणि ताट तिथेच आणून ठेवलं. मी एका हाताने जेवलो. मधेच एक थेंब फटीवर ठेवावा लागायचा. न ठेवला तर काच पुसली जायची आणि बोटं हलायची. अडीचची बस गेली, तिचा हॉर्न ओसरीवर ऐकू आला. चांगुणाचा फोन आला, मी म्हटलं, येतो. चारची बस गेली.

एकदा अंगठा काढून बघितला. टिक टिक लगेच सुरू झालं, इतकं घाईचं, की बाहेर भांडी घासत असलेली एक पाहुणी बाई मान वर करून इकडे तिकडे बघायला लागली. मी अंगठा परत ठेवला.

पाहुणे पांगले. ऊन ओसरीवरून उतरलं. अन्नपूर्णाबाईंनी तांब्या पुन्हा भरून माझ्याजवळ ठेवला. मग आतून एक गादी आणली, माझ्या पाठीमागे भिंतीलगत पसरली, उशी हाताने थोपटून सारखी केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरात कुणी आजारी असलं आणि जागरणाला माणूस मिळाला की जसं हायसं वाटतं, तेवढंच होतं.

"भाऊ," तिने आत जाता जाता विचारलं, "सकाळी च्या कितीक वाजता लागते तुमाले?"